गाडीच्या आधी प्लग

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के मोटारी निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. त्यामुळे ऑस्लोत राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न फारसा पडत नाही. कुठली घ्यावी आणि ती वर्षाला किती खाईल, एवढीच चर्चा होते. वाशिम जिल्ह्यात, कारंज्याला, माझ्या धाकट्या भावापुढे मात्र मूळ प्रश्नच उभा आहे. त्याचं कृषी केंद्र आहे, घरात सहा माणसं आहेत, आणि दुकानाच्या कामाला अमरावती-अकोल्याच्या फेऱ्या ठरलेल्या. परवा फोनवर म्हणाला, “दादा, तुह्याकडं सरकारच पाठीशी हाये. इथं लाईट गेली त गाडी का धक्क्यानं न्याची?”

त्याच्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

सरकार पाठीशी आहे ही गोष्ट खरी, पण ते एका दिवसात पाठीशी आलं नाही. १९८९ साली ‘आ-हा’ या बँडमधले मोर्टेन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मन हे दोघे गायक-वादक ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेच्या फ्रेडरिक हाउगे यांच्यासोबत विजेवर चालणारी एक फियाट पांडा घेऊन ऑस्लोच्या टोलनाक्यावरून पैसे न भरता जाऊ लागले. दंड झाले, ते त्यांनी भरले नाहीत. गाडी जप्त झाली, लिलावात निघाली आणि पुन्हा त्यांनीच सोडवून घेतली. पुढे १९९० मध्ये अशा गाड्यांवरचा आयातकर उठला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित कर गेला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारं चित्र तीस-पस्तीस वर्षांच्या सलग धोरणातून आलं आहे. आता सवलती टप्प्याटप्प्याने मागे घेतल्या जात आहेत. २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर कर लागू झाला, आणि ऑस्लोच्या टोलनाक्यांवर इलेक्ट्रिक गाडीलाही पैसे मोजावे लागतात. त्यामुळे आता इथल्या कुटुंबालाही सवलत बाजूला ठेवून हिशेब करावा लागतो. तोच हिशेब भावाच्या कामाचा आहे.

आम्ही गाडी घ्यायला निघालो तेव्हा पहिला आठवडा बॅटरी, अंतर, वेग यांच्या आकड्यांत गेला. मग घरच्या गरजा कागदावर लिहिल्या आणि यादी आपोआप छोटी झाली. उन्हाळ्यात आई-बाबा वाशिमहून येतात. आईच्या गुडघ्यांना खाली वाकून बसायची गाडी चालत नाही, आणि फार उंच पायरीही चालत नाही. शोरूममध्ये पत्नीने आईच्या उंचीचा अंदाज घेऊन मागच्या सीटवर चढउतार करून पाहिली, दार किती उघडतं ते पाहिलं. मुलांच्या स्कीज आडव्या बसतात का, डिकीत दोन मोठ्या बॅगा राहतात का, हेही पाहिलं. या परीक्षेत कागदावर देखण्या असलेल्या दोन गाड्या मागे पडल्या आणि स्कोडा एन्याक पुढे आली. कंपनीचं माहितीपत्रक बाजूला ठेवून आम्ही ‘एनएएफ’ या इथल्या मोटारचालकांच्या संघटनेच्या हिवाळी चाचण्या वाचल्या. ही संघटना वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि ऐन थंडीत, गाड्या थांबेपर्यंत चालवते आणि जाहीर अंतरापैकी किती प्रत्यक्षात मिळालं ते छापते. थंडीत काही गाड्या दहा टक्केही गमावत नाहीत, काही तीस टक्क्यांच्या आसपास गमावतात. कुटुंबाने कोणती गाडी घ्यावी हे ठरवताना याहून उपयोगी कागद नाही.

आता चालवण्याचा खर्च. वर्षाला १२,००० किलोमीटर धरू. हिवाळा-उन्हाळ्याची सरासरी काढली तर आमच्या आकाराच्या गाडीला शंभर किलोमीटरला २० युनिट लागतात, म्हणजे वर्षाला २,४०० युनिट. घरच्या गॅरेजमध्ये वहन आकार धरून युनिटला दीड क्रोनर पडतो असं मानलं, तर वर्षाचे ३,६०० क्रोनर होतात. तीच वीज हमरस्त्यावरच्या वेगवान चार्जरवर सहा क्रोनरने घेतली, तर १४,४०० होतात. पेट्रोलची गाडी शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर पीत असेल आणि लिटरला २१ क्रोनर पडत असतील, तर १६,४०० च्या आसपास जातात. एक क्रोनर म्हणजे नऊ रुपयांच्या जवळपास, असं धरून वाचकांनी रुपये काढावेत. मात्र सगळ्यात महत्त्वाचा आकडा मधला आहे. गाडी तीच, माणसं तीच, रस्ता तोच, तरी घरी प्लग असला तर खर्च पेट्रोलच्या चौथाईहून कमी होतो, आणि नसला तर पेट्रोलच्या जवळ जाऊन बसतो. खर्च ठरतो तो गाडी रात्री कुठे उभी राहते यावर.

म्हणून नॉर्वेच्या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद करसवलतीची नाही. इथे आपल्यासारख्याच सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, त्यांना ‘बोरेत्स्लाग’ म्हणतात. सभासदाने आपल्या पार्किंगच्या जागी चार्जर मागितला तर सबळ कारण असल्याशिवाय संस्थेला तो नाकारता येत नाही. आमच्या संस्थेच्या तळघरात प्रत्येक खांबाजवळ एक छोटी पेटी आहे. रात्री दहानंतर एकेक गाडी पाळीपाळीने वीज घेते, त्यामुळे इमारतीचा भार एकदम चढत नाही. कोणाची गाडी किती युनिट प्यायली ते वेगळं नोंदलं जातं आणि बिल ज्याचं त्याला येतं. कुणाचे उपकार नाहीत आणि सभेत भांडणही नाही.

थंडीचा विषय भाऊ दर वेळी काढतो. बाहेर उणे पंधरा असताना बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याहून जास्त वीज गाडीची आतली हवा गरम करण्यात जाते. पेट्रोलच्या इंजिनाची उष्णता फुकट मिळते, इलेक्ट्रिक गाडीत ती विकत घ्यावी लागते. म्हणून कमी विजेत ऊब देणारा हीट पंप असलेली गाडी घेतली. सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं, प्लग लागलेला असतानाच, मोबाइलवरून ती तापवायला सांगायची. मग ती ऊब घरच्या विजेवर मिळते आणि बॅटरी प्रवासाला शिल्लक राहते.

विजेखेरीजचे खर्च लोक विसरतात. टायरचे दोन संच लागतात, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा, आणि न वापरलेला संच ठेवायला टायर हॉटेलचं भाडं. बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. ऑइल नाही, क्लच नाही, पण ब्रेकची एक वेगळीच गंमत आहे. पाय उचलला की मोटरच गाडी थांबवते आणि वीज परत बॅटरीत भरते, म्हणून ब्रेकच्या चकत्यांना काम कमी पडतं. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ आणि वापर कमी, यामुळे त्या गंजतात. नवी गाडी चार वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला न्यावी लागते, तिथे गंजलेल्या चकत्या पकडल्या जातात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जोराने ब्रेक मारणं, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. आणि विक्रीची किंमत हा सगळ्यात मोठा खर्च. २०२३ च्या जानेवारीत टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती उतरवल्या तेव्हा जुन्या गाड्यांचा भावही खाली आला. गाडी वर्षानुवर्षं वापरायची असेल, तरच हा धक्का पचतो.

आता कारंजा. भावाची गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर धावते. पेट्रोल लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर शंभर लिटर लागतं, म्हणजे दहा हजारांच्या वर. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगमधली घट धरून, महिन्याला २५० युनिटच्या आसपास घेईल. इथे एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. घरचे पंखे, फ्रिज, कूलर मिळून १८० युनिट आधीच होतात. गाडीची युनिट त्यावर चढली की मीटर ३०० च्या पुढे जातो, आणि त्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिटला पंधरा रुपयांहून जास्त पडतात. तरीही महिन्याचा खर्च चार हजारांच्या आत राहतो. बाहेर वीस रुपयांच्या आसपास युनिटने चार्जिंग केलं तर पाच हजार. म्हणजे ऑस्लोपेक्षा आपल्याकडे बाहेरचं चार्जिंगही जास्त परवडतं.

पण कारंज्याचं खरं भांडवल गच्चीवर आहे. ऑस्लोत डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, तर आपल्याकडे पावसाळ्याचे दिवस सोडले तर ऊन कमी पडत नाही. एक किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं. चार किलोवॅट बसवलं तर महिन्याला ४८०, म्हणजे घर आणि गाडी दोन्ही भागतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. दिवसाची वीज महावितरणला द्यायची, रात्री तेवढीच गाडीत घ्यायची, नेट मीटरिंगमध्ये वजावट होते.

लाईट जाण्याचं भय मात्र वाजवीपेक्षा मोठं आहे. दिवसाच्या पन्नास किलोमीटरला आठेक युनिट लागतात. साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर ती तीन तासांत भरतात. चोवीस तासांत तीन तास लाईट कारंज्यालाही असते. डीपी जळून दोन दिवस अंधार झाला तरी भरलेली गाडी तेवढी टिकते. एक लक्षात ठेवायचं, लाईट गेली की साधं सोलरही थांबतं, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खरी अडचण अर्थिंगची आहे. आपल्या जुन्या घरांत तिसरी पिन शोभेपुरती असते. अर्थिंग कच्चं असलं की चार्जर लाल दिवा लावून वीज घ्यायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

उन्हाचं काय? मे महिन्यात वाशिममध्ये ४३-४४ अंश होतात. एसी गाडीला पंधरा-वीस अंश खाली आणतो, इथला हीटर तीस-पस्तीस अंश वर नेतो. त्यामुळे विजेवरचा मारा आपल्या उन्हापेक्षा इथल्या थंडीचा मोठा. मात्र उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. गाडी कडुनिंबाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवावी, शंभर टक्के भरून दुपारभर उन्हात सोडू नये.

समृद्धी महामार्गावर कारंजा आणि शेलूबाजारजवळून चढता येतं, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने तिथे इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी जाहीर केली. भावाने नागपूरचा हिशेब करताना १२० चा वेग धरू नये. वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० ने चाललं तर जे अंतर मिळतं, त्यातलं चांगलं एक चतुर्थांश १२० वर गळून जातं. घरात सहा माणसं आहेत म्हणून तो किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही पाहतो आहे. तिचा जाहीर पल्ला ४९० किलोमीटरचा आहे. त्याने मनात ३५० धरावेत.

पेट्रोल गाडीपेक्षा चार लाख जास्त मोजावे लागले, तर भावाच्या धावण्याने ते साडेपाच वर्षांत फिटतात. महिन्याला पाचशे किलोमीटर धावणाऱ्या माणसाने मात्र पैसे वाचवण्यासाठी ही गाडी घेऊ नये, त्याच्या हिशेबात ती बसत नाही. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिक्षकाला, नर्सला, बँकेतल्या कारकुनाला ही गाडी परवडावी असं वाटत असेल, तर रिसोड, मानोरा, मंगरुळपीर अशा तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ आणि नगरपरिषदेच्या जागेत रात्रभर स्वस्तात गाडी लावता येईल असे साधे प्लग हवेत. नॉर्वेकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. अंगण असलेल्याला सवलत कमी मिळाली तरी चालेल, अंगण नसलेल्याला प्लग मिळाला पाहिजे.

भावाला मी कामांचा क्रम सांगितला आहे. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घे. मग महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घे. मग गच्चीवर सोलर. शोरूमची पायरी त्यानंतर चढ, आणि जाताना आईला सोबत ने.