आनंदीबाईंच्या वाट्याचे अक्षर

बहुतेक वाक्प्रचारांचा जनक हुडकायला जावे तर हाती काही लागत नाही. काहींचा पत्ता मात्र थेट उंबरठ्यापर्यंत सांगता येतो, आणि त्यांतले चार-पाच तर एकाच घरचे निघतात. घर पेशव्यांचे, आणि माणूस राघोबादादा.

१७५८ साली त्यांनी लाहोर घेतले, मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ मराठीच्या तोंडी कायमचे बसले. आजही कोकणातली पोरगी शिकायला जर्मनीला निघाली, की गावातल्या सत्काराच्या फलकावर हेच शब्द झळकतात. दादांच्या घोडदौडीच्या वेगाने ‘राघोभरारी’ही दिली.

मग आला ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गणपतीचे दिवस होते. पगार थकल्याचा कालवा करत गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, भर दुपारी आत घुसले. नारायणराव पेशवे जेमतेम अठरा वर्षांचे. धावले ते नजरकैदेतल्या चुलत्याकडेच. त्यांनी राघोबादादांना मिठी मारली, पण सुमेरसिंग गारद्याने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना तिथेच तोडले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवताना मेला. ‘काका, मला वाचवा’ ही त्या दिवसाची हाक. काका-पुतण्याचे राजकारणात बिनसले, की ती बातमीचा मथळा होते. एका पोराची ती शेवटची किंकाळी होती हे आठवले, की तो मथळा वाचवत नाही.

चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी केली. त्यांनी दोष राघोबादादांच्या पदरात घातला, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज सुटका नाही असे तोंडावर सांगितले, आणि पुणे सोडले. ‘रामशास्त्री बाणा’ तिथून आला. सत्तेपुढे मान न वाकवणाऱ्या माणसाला मराठीने दिलेला हा मान त्यांनी पुरेपूर कमावलेला आहे.

उरला ‘ध चा मा’. कथा सगळ्यांना पाठ आहे: नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम निघाला होता, राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. कागदावर हे करून बघावे. नुसता ध खोडून म काढला तर शब्द ‘मरावे’ होतो. शेजारी काना द्यायला जागाही करावी लागते. बरे, तो फेरफार केलेला हुकूम आजवर कोणीही पुढे ठेवलेला नाही. पेशव्यांना धरण्याचा बेत होता, गारद्यांना पैशाचे वचन होते, राघोबादादांना गादी हवी होती, एवढे पक्के. लेखणी आनंदीबाईंच्या हाती होती, याला आधार फक्त कथेचा.

तरीही रामशास्त्र्यांचा निकाल अभ्यासकांच्या पुस्तकांत राहिला आणि वाक्प्रचाराचा निकाल घरोघर गेला. नवऱ्याच्या नावावर अटकेचे झेंडे जमा झाले, बायकोच्या नावावर एक अक्षर. पुढे राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहाने मराठी राज्याच्या घरात परक्यांचा पाय पडला. त्या करणीवरून मात्र कोणी वाक्प्रचार केला नाही. आनंदीबाई १७९४ साली गेल्या. पतीच्या माघारी त्यांनी वर्षानुवर्षे पुणे दरबाराच्या पहाऱ्यात काढली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

शाळेत ‘ध चा मा करणे’ याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावतात. त्याच तासाला मुलांना हेही सांगावे, की तो कागद कधी सापडलेला नाही.