ओटीपी मुंबईला जातो

दवाखान्याच्या पाटीवर सकाळी ९ ते १ असं लिहिलं आहे, पण खरी वेळ ठरवते एसटी. पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या गावांना रात्री मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी खाली येते. दुपारची परतीची गाडी चुकली तर वडापवाल्याला पैसे मोजा, नाहीतर ओळखीच्यांकडे पाय पसरा. त्यामुळे दहा ते साडेबारा बाकावर बसायला जागा नसते आणि दीडनंतर आमचा कंपाउंडर निवांत पेपर वाचत बसतो. बाजाराच्या दिवशी पेशंटच्या पिशवीत एक्स-रे, मेथीची जुडी आणि सुकट एकत्र नांदत असतात. सुकटीचा वास लागलेले रिपोर्ट मी नाक न मुरडता वाचतो.

त्या गर्दीत माणूस काय सांगणार? सांगायला सोपं असेल ते. गुडघे दुखतात, पित्त उसळतं, चक्कर येते. मी तपासतो, चिठ्ठी लिहितो, गोळ्या समजावून देतो. बाई उठते, पदर सारखा करते, पिशवी उचलते, पडद्याला हात लावते आणि तिथून मागे वळून म्हणते, "आणि डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." ते 'आणखी एक' म्हणजेच ती आज आली त्याचं कारण. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, छातीत हाताला लागलेली गाठ, दारू पिऊन मारणारा नवरा, किंवा शुगरच्या गोळ्या दिवाळीपासूनच बंद केल्यात हा कबुलीजबाब. कुठल्याही फॅमिली डॉक्टरला विचारा, पडद्याशी उभ्या राहिलेल्या पेशंटला तो कधी घाई करत नाही.

पेशंटचा विश्वास मोजायचाच असेल तर तो इथं मोजावा असं माझं मत आहे. न विचारलेलं किती सांगितलं गेलं? बाकी पेढे आणून देणं, पाया पडणं, "तुमच्या हाताला गुण आहे" म्हणणं हे कानाला गोड लागतं, पण तेच पेढे आणणारे तात्या मी लिहिलेली बीपीची गोळी 'गरम पडते' म्हणून घेत नाहीत आणि तसं मला सांगतही नाहीत. त्यांच्या मनात माझ्याविषयी आदर पुष्कळ आहे. विश्वास यायचा आहे.

ही मोजपट्टी हातात धरूनच मी तंत्रज्ञानाकडे बघतो. यंत्रांविरुद्ध गळा काढायची मला हौस नाही. २५ मार्च २०२० ला लॉकडाउन सुरू झाला आणि त्याच तारखेला देशात टेलिमेडिसिनची नियमावली आली. तोवर फोनवर औषध सांगणारा डॉक्टर कायद्याच्या धुक्यात वावरत होता. कुठलं औषध नुसत्या फोनवर सांगता येईल, कुठलं पहिल्या वेळी पेशंटला व्हिडिओवर बघूनच लिहायचं, कुठलं अजिबात लिहायचं नाही, हे तिनं स्पष्ट केलं. पेशंटनं स्वतः फोन केला म्हणजे त्याची संमती आहे, हेही त्यात आलं. चांगलं काम झालं. पण फोनच्या पलीकडे खोलीत कोण कोण बसलंय, ते नियमावलीला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही.

आमच्याकडे तर खोलीचाही प्रश्न नसतो. वरच्या वाड्यांत रेंज येते ती देवळासमोरच्या पारावर. पारावर उभं राहून, शेजारी पत्ते कुटणारं टोळकं असताना, अंगावरून जातंय हे कोणती बाई मोठ्या आवाजात सांगेल? ती म्हणते, "कंबर दुखतीय." मी कंबरेचं औषध सांगतो. दोघंही आपापल्या परीनं बरोबर आणि उपचार मात्र चुकीचा. शिवाय फोन बहुतेक वेळा तिचा नसतोच. पाटणची निम्मी कर्ती माणसं मुंबईत. नवरा तिथून मला फोन लावतो, दुसऱ्या लाइनवर बायकोला घेतो आणि तिच्या पोटात कुठं दुखतंय हे तोच मला सांगतो. मध्येच तिला दरडावतो, "नीट सांग की डॉक्टरांना!" माणूस वाईट नसतो. काळजीनंच बोलत असतो. पण त्या तिघांच्या संभाषणात पडदाच नसतो, तर पडद्याशी थांबून मागं वळणार कोण?

उलटा अनुभवही आहे, आणि तो लपवला तर लेख खोटा होईल. सकाळी आईबरोबर 'ॲसिडिटी' म्हणून येऊन गेलेली कॉलेजची मुलगी रात्री व्हॉट्सॲपवर लिहिते की झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही. समोर बसून तिच्या तोंडून हे निघालं नव्हतं. आईच्या देखत निघणारही नव्हतं. अंधारात अंगठ्यानं टाइप करताना तिला तिचा पडदा मिळाला. असे निरोप येतात म्हणून मी तो नंबर चालू ठेवलाय. एरवी त्यावर सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि कारल्याच्या रसानं मधुमेह मुळापासून घालवायचे व्हिडिओच जास्त येतात.

न्यू जर्सीतल्या एका मुलानं इथल्या वडिलांच्या दंडावर शुगरचा सेन्सर बसवून घेतला. आकडे थेट त्याच्या फोनवर. एकादशीला म्हाताऱ्यानं साबुदाण्याची खिचडी आणि वर रताळ्याचा कीस चेपला की तिकडून मला फोन, "डॉक्टर, बाबांची शुगर बघा कुठं चाललीय!" सेन्सर खरंच गुणाचा आहे. बोट न टोचता दिवसभराचा आलेख देतो, रात्री शुगर उतरली तर ओरडतो. पण आबा माझ्याकडे येऊन दार लोटून घेतात आणि म्हणतात, "पोरगं अमेरिकेतनं माझ्या ताटात बघतंय. तुमीच सांगा, उपास मोडू का जीव सोडू?" मग आमची वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक यांवर तडजोड होते. ती तडजोड आलेखात येत नाही. तिचे परिणाम मात्र येतात.

यंत्र आकडा देतं, विश्वास मात्र माणसाला मिळवावा लागतो, हे करोनात फार उघडं पडलं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. घरोघर तापमान बघायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. ऑक्सिमीटरमागचं तत्त्व १९७० च्या दशकात शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. सगळं जग त्यांच्या यंत्रासाठी धावत होतं आणि त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तर ते इवलंसं यंत्र आमच्या वाड्यांपर्यंत पोचलं. बोटं मात्र पुढं येईनात. आकडा कमी आला की गाडी येणार, माणूस कोविड सेंटरला जाणार, आणि मेला तर तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही, हे लोकांनी ऐकलेलं होतं. माणसं शेतात निघून जात, दारं लावून घेत. एका वाडीत मी स्वतः उंबऱ्याबाहेर उभा असताना घरातल्या म्हातारीनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. आमच्या आशाताई त्याच गावच्या सूनबाई. त्या ओसरीवर बसल्या, तांदूळ निवडायला घेतले, अर्धं सूप झालं, म्हशीची चौकशी झाली, आणि मग म्हातारीनंच विचारलं, "लावू का गं बोट? दुखत न्हाय ना?" आकडा ८८ आला. ती गाडीत बसली तीही आशाताईंचा हात धरूनच. यंत्राची किंमत हजार-दीड हजार असेल. ते सूपभर तांदूळ निवडायच्या वेळेचा मोबदला कुठल्या तक्त्यात धरतात ते एकदा आशाताईंना विचारा.

सह्याद्री उतरून गेलं की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम माझ्या पिढीच्या डॉक्टरांना पाठ आहे. १९७० च्या दशकात ते बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली पोरं पटापट दगावत. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून राहिले. नाडी, बीपी, श्वास, पुन्हा नाडी. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं हे त्यांनी तिथं बसून टिपलं, 'लॅन्सेट'ला कळवलं, आणि पुढं प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. त्यांच्याजवळ बीपीचं यंत्र होतं म्हणजे तंत्रज्ञान होतंच. पण ते पट्टा बांधून निघून गेले असते तर त्या यंत्रानं काय सांगितलं असतं?

आता चॅटजीपीटी. पेशंटचा मुलगा रिपोर्टचा फोटो टाकतो आणि उत्तर घेऊनच माझ्यासमोर बसतो. मला राग येत नाही. क्रिएटिनिन म्हणजे काय हे ते यंत्र सकाळी अकराच्या गर्दीतल्या माझ्यापेक्षा जास्त शांतपणे समजावतं. मला टोचतं ते वेगळंच. मी कराडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहितो आणि तो मुलगा बाहेर जाऊन फोनला विचारतो, खरंच गरज आहे का? कारण त्याच्या मनात शंका असते की यात डॉक्टरचा कट, म्हणजे कमिशन, असणार. ही शंका फोननं पेरलेली नाही, आमच्याच धंद्यानं पेरली. २०१७ साली राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, कायदा काही झाला नाही. तो होईपर्यंत माझ्या चिठ्ठीकडे कुणी संशयानं बघितलं तर मी ते निमूट सोसतो.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी १९७१ साली मांडलं की ज्यांना उपचारांची गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला चांगले उपचार कमी येतात. त्यांनी नुसतं मांडलं नाही. दवाखान्यात न येणाऱ्यांनाही गाठून गावातल्या सगळ्यांचं बीपी मोजायचा सपाटा लावला. आमच्याकडे न येणाऱ्यांना गाठायचं काम आता ॲपकडे दिलंय. आभा कार्ड काढा, चौदा आकडी नंबर मिळेल, सगळे रिपोर्ट एका जागी राहतील. कल्पना उत्तम आहे. मेथीत भिजलेल्या एक्स-रेंना कंटाळलेल्या माझ्यासारख्याला तर फारच. आमच्या सिस्टर बाकावरच्या आक्कांचं कार्ड काढायला घेतात. आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी, त्या घडीला पाठीवर पोतं. ओटीपी मुंबईला जातो, तिथं खिशात वाजतो आणि मुदत संपून मरतो. पुन्हा पाठवा, पुन्हा तेच. अंगठा लावून बघावा तर जन्मभर भात लावून आणि शेणी थापून बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. साडेबारा वाजतात. आक्का म्हणतात, "राहू दे बाई, गाडी जाईल माझी." आणि त्या उठतात. त्या दिवशी पडद्याशी थांबून 'आणखी एक' सांगायलाही त्यांच्याजवळ वेळ उरलेला नसतो, तो ओटीपीनं खाल्लेला असतो.

मुंबई-पुण्यात, किंवा त्याहून लांब राहून हे वाचत असाल तर एक काम सांगतो. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा आईच्या नावावर एक सिम घ्या. बटणांचा साधा फोन चालेल, ओटीपी त्यावरही येतो. तिला घेऊन आधार केंद्रावर जा आणि तो नंबर तिच्या आधारला जोडून द्या. आणि तिच्यासाठी डॉक्टरांना फोन लावलात, तर लागला की तो तिच्या हातात द्या आणि तुम्ही अंगणात जा.