'वाह वाह' म्हणजे डोकेदुखी

२०२२च्या संक्रांतीला मुलगा हैदराबादहून गुडीहत्नूरला आला, तो तोंड पाडूनच. खांद्यावरची गिटार त्याने माजघरात भिंतीला टेकवून ठेवली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. कॉलेजात चार पोरांचा त्यांचा बँड होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "सोडला." त्यापुढे एक अक्षर नाही. या वयाच्या मुलांकडून काही काढून घेणं म्हणजे विहिरीतून घागर काढण्यासारखं, दोर तुटण्याचीच भीती जास्त.

एका रात्री तो मोबाइलवर गाणं ऐकत बसला होता. ढोल, ताशे, गिटारी सगळं एकदम वाजत असल्यासारखा गोंगाट. पण त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'वाह वाह'. मी सहज म्हटलं, "चला, इंग्रजांनाही दाद द्यायला आपलाच शब्द लागतो. अण्णा असते तर खूश झाले असते."

चार दिवसांत पहिल्यांदाच पोरगं हसलं. म्हणालं, "बाबा, ती दाद नाही. याचा अर्थ डोकेदुखी."

मग त्याने जे सांगितलं आणि पुढे मी स्वतः वाचून, पाहून जे समजून घेतलं, ते असं.

बीटल्स हे नाव आपल्याकडेही कानावरून गेलेलं असतं. इंग्लंडातल्या लिव्हरपूलची चार पोरं: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. जॉन आणि पॉल गाणी रचत, तीच रेकॉर्डवर येत. जॉर्ज वयाने सर्वांत लहान. त्याच्या वाट्याला एका रेकॉर्डवर एखाददुसरं गाणं. तोही आता गाणी रचतो आहे, चांगली रचतो आहे, हे या मोठ्या दोघांच्या ध्यानातच येत नव्हतं. घरातल्या धाकट्याला मिसरूड फुटलं तरी मोठे भाऊ त्याला दुकानातून साखर आणायला पाठवतात ना, त्यातलाच प्रकार.

जानेवारी १९६९ मध्ये लंडनजवळच्या ट्विकनहॅम इथल्या फिल्म स्टुडिओत त्यांची तालीम सुरू झाली. सगळी तालीम कॅमेऱ्यात टिपली जात होती, त्यामुळे भांडणंही टिपली गेली. ६ तारखेला पॉल जॉर्जला समजावतो आहे की गिटार इथे अशी नको, तशी हवी. आणि जॉर्ज अगदी शांतपणे सांगतो की तुला जे हवं ते वाजवतो, नको असेल तर वाजवतच नाही. आवाज चढलेला नाही. तेच जास्त लागतं. १० तारखेला दुपारच्या जेवणाच्या सुमाराला तो बँड सोडून निघून गेला. आणि त्याच दिवशी घरी बसून त्याने हे गाणं रचलं, 'वाह-वाह'.

वाह-वाह हे गिटारीला जोडायच्या एका पायपट्टीचं नाव. ती पायाने दाबत-सोडत तार छेडली की सूर माणसाने 'वाह' म्हणावं तसा उघडतो आणि मिटतो. म्हणजे वरवर पाहिलं तर हे त्या यंत्रावरचं गाणं. पण जॉर्जने स्वतःच पुढे सांगितलं आहे की त्याच्या मनात अर्थ होता डोकेदुखीचा. तुम्ही माझं डोकं उठवलंत, असं त्याला सोबत्यांना सांगायचं होतं. आपण मराठीत म्हणतो, डोकं खाऊ नको. माझी आई भालकीची, ती अजूनही म्हणते, "तली तिनब्याड." बीदर, भालकी, निपाणीकडच्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. दोन्ही भाषांत डोकं खाल्लंच जातं. इंग्रजाने ते गिटारीच्या नावामागे लपवलं, एवढाच फरक.

मला त्यातलं खरं लागलं ते दुसरंच. या भांडणाच्या बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, हाच जॉर्ज मुंबईत होता. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचं संगीत त्याच्याकडे आलं होतं आणि त्यासाठी फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपले वादक जमवले. संतूरला शिवकुमार शर्मा, सरोदला आशीष खान, सतारीला शंभू दास. लंडनच्या स्टुडिओच्या मानाने सगळी साधीच सोय. पण तिथे काय वाजवायचं हे जॉर्ज सांगत होता आणि इतके तयारीचे लोक ते ऐकत होते. त्याच दिवसांत तिथे त्याने 'द इनर लाइट' या गाण्याची साथ रेकॉर्ड केली आणि मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ते गाणं आलं. त्यांच्या छोट्या तबकडीवर जॉर्जचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे बघा, परक्या मुलखात, ज्यांची भाषा धड येत नाही अशा लोकांनी त्याला बरोबरीचा मानला. आणि जिथे शाळेपासूनची दोस्ती, तिथे तो धाकटाच राहिला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

हे सगळं मुलगा सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र ट्विकनहॅम नव्हतं. आमच्या गुडीहत्नूरच्या मारुतीच्या देवळातली एकादशी होती.

आमचे अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात शिकलेले, म्हणून उर्दू पक्की. मुशायऱ्याचा नाद. चांगलं काही कानावर पडलं की "वाह वाह" हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघायचा, अगदी पाढे बरोबर म्हणणाऱ्या पोरालासुद्धा. आई भालकीची. १९५६ ला राज्याची वाटणी झाली तेव्हा आमच्या घराचीच वाटणी झाली म्हणा ना. आईचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, आत्याचं नांदेड मुंबई राज्यात आणि आम्ही आंध्रात. २०१४ पासून तेलंगणात. माणसं जागच्या जागी, सरकारं बदलत गेली. असो.

अण्णांचं भजनी मंडळ होतं. पेटी अण्णांची, गाणंही बहुतेक त्यांचंच. सात-आठ टाळकरी. आणि तबल्याला काका. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. रस्त्याच्या तिठ्यावर, जिथून उटनूरकडे फाटा फुटतो, तिथे त्यांचं शिलाई मशीन होतं. उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून तबल्याची गवसणी त्यांनी स्वतः शिवली होती. अण्णांची आणि त्यांची जोडी अशी की अण्णांनी मान हलवायच्या आधी यांची सम पडलेली असायची.

काकांनी एक चाल लावली होती. आईला पुरंदरदासांचं विठ्ठलाचं एक पद येत असे, माहेराहून आणलेलं, कानडी. काकांनी ते तिच्याकडून अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. देवनागरीत लिहिलेलं कानडी, त्याचा कागद पुढे कित्येक वर्षं आमच्या पेटीच्या खणात होता. विठ्ठल दोन्हीकडचा एकच, पंढरपूरला तर कानडी भाविकांची रीघच असते. एकादशीला आपण हे पद म्हणू, असं काकांचं म्हणणं.

अण्णांनी कधी नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अण्णा वाईट माणूस नव्हते. ते म्हणायचे, "पुढच्या एकादशीला बघू." पुढच्या एकादशीला म्हणायचे, "टाळकऱ्यांना कानडी शब्द बसायला वेळ लागेल." वर्षात चोवीस एकादश्या. दोन वर्षं तरी हे चाललं असेल.

मग एक दिवस, १९७९ सालचा असावा, मी बारा वर्षांचा होतो. भजन रंगात आलं होतं. काकांनी लग्गी लावली आणि अण्णांनी पेटी थांबवली. मास्तरच ते. सगळ्यांसमोर हाताने टाळी देऊन दाखवायला लागले की इथे असा ठेका हवा, तिथे तसा नको. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वाह वाह, मास्तर." आणि तबल्यावर गवसणी चढवून, चपला घालून चालते झाले.

मला वाटलं, त्यांनी दाद दिली! घरी येऊन मी आईला कौतुकाने सांगितलं की काका अण्णांना वाह वाह म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती काही बोलली नाही.

काका पुन्हा आले नाहीत. मंडळाला दुसरा तबलजी मिळाला, तोही बरा वाजवायचा. अण्णा आणि काका रस्त्यात भेटले की रामराम व्हायचा. सदऱ्याचं कापड मात्र अण्णा तेव्हापासून आदिलाबादला शिवायला टाकू लागले. २००९ ला अण्णा गेले तेव्हा काका आले होते, तेराव्यापर्यंत रोज येऊन ओसरीवर बसत. पेटीचा किंवा तबल्याचा विषय कुणीच काढला नाही.

एवढं सगळं त्या रात्री आठवलं, ते एका गोंगाटी इंग्रजी गाण्यामुळे. मुलाला मी ते सांगितलं. मग त्याने त्याचं सांगितलं. त्याचंही असंच एक गाणं होतं, सहा महिने 'पुढच्या प्रोग्रामला बघू' म्हणून लटकलेलं. मी त्याला उपदेश केला नाही. करण्यासारखा नव्हताच माझ्याजवळ. त्याऐवजी आम्ही दोघांनी पुढचे दोन दिवस पीटर जॅक्सनचा 'गेट बॅक' पाहिला. १९६९च्या त्याच तालमीच्या जुन्या रिळांतून जोडलेला, २०२१च्या नोव्हेंबरात आलेला, जवळजवळ आठ तासांचा. संक्रांतीला घरात पाहुणे आणि आम्ही बापलेक मोबाइलला डोळे लावून! मुलाची आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

त्यात दिसतं की जॉर्ज दहा-बारा दिवसांनी परतला. जागा बदलली, बिली प्रेस्टन हा की-बोर्ड वाजवणारा पाहुणा आला, आणि पाहुण्यासमोर घरातली माणसं जशी नीट वागायला लागतात तसं सगळे वागायला लागले. ३० जानेवारीला गच्चीवरचा तो प्रसिद्ध कार्यक्रमही झाला. त्याआधी १९६८ मध्ये रिंगोही असाच निघून गेला होता. तो परतला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवून ठेवले होते. खंडेनवमीला आपण वाद्यांवर झेंडू वाहतो, ते आठवलं मला. काकांच्या तबल्याला तसं कुणी केलं असतं तर?

पण बीटल्स टिकले नाहीत. १९७० ला फुटलेच. जॉर्जजवळ वर्षानुवर्षं नाकारली गेलेली इतकी गाणी साठली होती की त्याचा पुढचा संच तीन तबकड्यांचा झाला, 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. 'वाह-वाह' त्यात आहे. खरं सांगायचं तर ते गाणं मला फार आवडलेलं नाही. आवाजावर आवाज चढवलेले, शब्द त्या गदारोळात बुडतात. त्याच जॉर्जचं 'समथिंग' किती गोड आहे. पण रागात केलेली भाजी तिखट होणारच.

१ ऑगस्ट १९७१ ला रविशंकरांच्या सांगण्यावरून जॉर्जने बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला. आधी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा बसले. त्यांनी वाद्यं जुळवली तर लोकांनी तेच वादन समजून टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर म्हणाले, नुसतं जुळवणं एवढं आवडलं तर वादन त्याहून आवडेल अशी आशा करतो. ही खरी वाह वाह! त्यानंतर जॉर्ज स्वतः गायला उभा राहिला आणि त्याने सुरुवात केली ती याच गाण्याने. रिंगो ड्रमवर होता. पॉलला बोलावणं होतं, तो आला नव्हता.

जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ ला गेला. बरोबर वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याची गाणी म्हटली. कार्यक्रम संपता संपता एरिक क्लॅप्टन आणि जेफ लिन यांनी 'वाह-वाह' घेतलं. मंचावर पॉलही होता आणि रिंगोही. ज्याच्यामुळे डोकं उठलं त्यानेच साथीला असावं! पॉलला त्या वेळी काय वाटलं असेल, हे मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तो वाजवण्यात गुंग आहे."

सुट्टी संपून मुलगा परत गेला. जाताना गिटार नेली. त्यांचा तो बँड पुन्हा उभा राहिला नाही, पण चौघांतले दोघं अजून एकत्र वाजवतात.

तो गेल्यावर मी काकांकडे गेलो. आता मशीन मुलगा चालवतो, काका बाजेवर बसलेले असतात. डोळे अधू, कान शाबूत. इकडचं तिकडचं बोलून मी म्हटलं, "काका, ती तुमची चाल ऐकायची होती. आईच्या पदाची."

ते बराच वेळ मांडीवर बोटं आपटत राहिले. मला वाटलं, आठवतायत. मग म्हणाले, "अरे, चाल काही खास नव्हती रे. आता कळतं ना. मास्तरांना ते तेव्हाच कळलं असेल."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. आई सुपात तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नव्हतीच खास," ती म्हणाली. "पण एकदा म्हणायला काय झालं होतं?"