माळावर येण्याआधी

चि. सोनूस,


कंपनीतल्या स्वयंसेवेचं काम तुझ्याकडे आलं, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि फार आनंद झाला. जुलैत सगळ्यांना हिंजवडीहून बसने आणायचं आणि आमच्या सुप्याच्या बाजूला माळावर झाडं लावायची, असा बेत आहे म्हणे. तो पक्का होण्याआधी पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून लगेच लिहायला बसले.

सोनू, माळावर झाडं लावू नकोस.

आत्ता उन्हाळ्यात आलीस तर तुला इथे मुरूम, दगड आणि वाळलेल्या काड्या दिसतील. कागदोपत्री अशा जमिनीला 'पडीक' म्हणून मोकळे होतात. पण दोन पाऊस पडू देत, पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं वर येतात आणि श्रावणात माळ गुडघाभर हलत असतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथे निसर्गाने जंगल नव्हे, गवत आणि मधूनमधून बोर-बाभूळ एवढंच ठेवलं आहे. त्यावर चिंकारा जगतो. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना लांबवर नजर जाईल अशी उघडी जमीनच लागते. मयुरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलं आहे खरं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकीचे प्राणी अशाच बिननावाच्या माळांवर राहतात. तिथे दाट झाडी केली की सावलीत गवत मरतं आणि त्याच्या आधाराने राहणारे सगळे निघून जातात. पुण्याच्या टेकड्या तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. तिथे वनीकरणात गिरिपुष्प भरभरून लावला. तो झपाट्याने वाढला, डोळ्यांना हिरवं दिसू लागलं. पण त्याच्याखाली इथलं गवत आणि झुडपं मागे हटली.

शिवाय इथे धनगरांच्या मेंढ्या चरतात. खड्डे घेतले, कुंपण घातलं, की सर्वांत आधी वाट बंद होते ती त्यांची. त्यांना कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा उत्साह कमी करायला मी हे लिहीत नाहीये. शहरातली माणसं एका दिवसासाठी आली तरी मोठं काम होतं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या 3 तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोहोचली. त्या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो 'जलमित्र' गावोगाव गेले. कितीतरी जणांनी टिकाव पहिल्यांदाच हातात धरला असेल. तरी ते श्रम कामी आले, कारण गावातली माणसं आधी प्रशिक्षण घेऊन आली होती. पाणी कुठून वाहतं, चर कुठे घ्यायचे, बांध कुठे घालायचा, हे गावाने ठरवलेलं होतं. पाहुण्यांनी फक्त आखलेल्या रेषेवर खणायचं आणि घमेली पुढे द्यायची. काम गावाचं होतं आणि पाहुणे मदतीला होते. हा क्रम उलटला, की उरतो फलक आणि फोटो.

दुसरी गोष्ट पुन्हापुन्हा येण्याची. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने 2015 साली कचरा उचलायला घेतला. समुद्र रोज नवा कचरा आणून टाकत होता, म्हणून लोक दर आठवड्याच्या सुट्टीला येत राहिले. 2018 च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. एका रविवारी हजार माणसं जमवून हे झालं नसतं.

तुमच्या कंपनीत वरिष्ठ लोक तुला तास मोजायला सांगतील. कंपनी कायद्याच्या 135व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हे तुला माहीतच आहे. पण कर्मचाऱ्यांनी विनामोबदला केलेल्या कामाची रुपयांत किंमत करून ती या खर्चात धरता येणार नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2016 च्या परिपत्रकात सांगितलंय. मला हे फार आवडलं. तुमच्या वेळाला त्या हिशेबात जागाच नाही, तर हजेरी लावून, नाव न देणाऱ्याकडे बोट दाखवून कुणाला आणू नकोस. मनापासून येणारी पाच माणसं मला चालतील.

आणि त्या पाचांनी फावडंच उचलायला हवं असं नाही. इथल्या बचत गटातल्या बायकांना कर्जाचे अर्ज आणि हिशेबाच्या वह्या समजावून देणारं कुणी हवंय. अंध विद्यार्थ्यांना मराठीतली अभ्यासाची पुस्तकं कुणाच्या तरी आवाजात ध्वनिमुद्रित करून हवी असतात. ते तर तुम्ही घरी बसून करू शकता. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंती रंगवायला मात्र शाळेच्या दिवशी येऊ नका. मुलांचा दिवस बुडतो.

झाडंच लावायची असतील तर ओढ्याकाठी करंज आणि जांभूळ लावू, बांधावर ज्या शेतकऱ्याला हवं त्याच्याकडे लावू. पण लावण्याआधी पुढचे 3 उन्हाळे पाणी कोण घालणार ते ठरवायचं. आणि माळासाठी काही करावंसं वाटलं तर कामं पुष्कळ आहेत. कडेला साचलेल्या बाटल्या आणि प्लास्टिक उचलणं आहे, पाणवठ्यातला गाळ काढणं आहे. पावसाळ्यानंतर गवताचं बी पिकतं, ते गोळा करून उघड्या पडलेल्या तुकड्यांवर पुढच्या पावसाआधी टाकता येईल. फेब्रुवारीत वणव्याआधी वनखात्याला जाळरेषा काढायला माणसं लागतात. यातलं एकही काम फोटोत उठून दिसणार नाही, पण तू ते तुझ्या साहेबांना समजावून सांगू शकशील याची मला खात्री आहे.

कोकणात गेलेली धनगरांची बिऱ्हाडं पावसाच्या तोंडावर परत येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या शनिवारी ये, दोन-तीन सहकाऱ्यांना बरोबर आण, मुक्काम आपल्याकडेच. सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलू. कुठलं गवत कमी झालं, कुठला पाणवठा आधी आटतो, हे त्यांना ठाऊक असतं. दुपारी वनपालांकडे जाऊ, त्यांची वेळ मी घेऊन ठेवते. बसवाल्याला आगाऊ रक्कम तेवढी अजून देऊ नकोस.

तुझी,
मावशी