उचलीची वही

मामांनी दुकान सोडलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. टाइल्सचे बॉक्स उचलून गुडघे गेले होते. "मालक, आता बस," एवढंच म्हणाले. विश्रामबागेतल्या आमच्या सॅनिटरीच्या दुकानात छोटा समारंभ केला. शाल, नारळ, पाकिटात पाच हजार. (आपल्याकडे नारळ देणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही.)

आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे तो. हातात ग्रॅच्युइटीचा अर्ज. माझं डोकंच सणकलं. तो गेल्यावर बायकोला म्हणालो, "मामांना मी कधी नोकर मानलंच नाही."

"मानायला हवं होतं," ती काउंटरवरून म्हणाली. "मस्टर तरी नीट राहिलं असतं."

शंभर फुटी रोडवर एक ओळखीचे वकील बसतात. त्यांच्याकडे गेलो तो तयारीनिशी. म्हटलं, आमच्याकडे माणसं आठच, कायदा लागतो दहाला. त्यांनी विचारलं, "कधी दहा होती?" २०१२ सालच्या मस्टरवर अकरा नावं होती. मग संपलं. तेव्हाचा १९७२ चा हा कायदा एकदा लागला की माणसं कमी झाली तरी सुटायचा नाही.

दुसरा मुद्दा खाड्यांचा. मामा दर आषाढीला वारीला जायचे, सलग अठरा दिवस. दोन रात्री मी जुनी मस्टरं काढून लाल शाईतले 'खा' मोजत बसलो. वर्षाला २४० दिवस भरले की पुरे, आणि मामांचे दरवर्षी पावणेतीनशेच्या पुढे होते. वारी सोडली तर माणूस घरी राहिलाच नव्हता. ही मोजणी करताना स्वतःचीच लाज वाटायला लागली होती, तरी थांबलो नाही, हेही खरं.

"आणि टाळेबंदीत दुकान बंद होतं ते दिवस?"

"शटर त्यांनी ओढलं होतं का?" वकील म्हणाले.

हिशेब त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला केला. शेवटचा पगार तेरा हजार. मूळ पगार, भत्ता असं काही मी कधी वेगळं दाखवलंच नव्हतं, त्यामुळे सगळाच धरायचा. भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. नोकरी जून २००३ पासून, सतरा वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष. अठरा वर्षांचे १,३५,०००. तीस दिवसांच्या आत द्यायचे, उशीर झाला तर व्याज.

मी शेवटचं पान टाकलं, "त्यांच्याकडे ३८ हजार उचल आहे. ती कापून घेतो."

"ग्रॅच्युइटीतून नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्यानंसुद्धा या पैशावर जप्ती येत नाही. उचलीचं तुम्ही दोघं बघा."

चेक न्यायला मामा वडापनं आले. सही केली आणि स्वतःहूनच म्हणाले, "उचलीची वही काढा." मी 'नंतर बघू' म्हणालो, पण त्यांनी चष्मा लावलाच होता. बोट एकेका ओळीवरून खाली यायला लागलं. दिवाळी, पाच हजार. मुलीचं बाळंतपण, अठरा. ऑगस्ट २०१९, पूर, दहा.

तिथं बोट थांबलं.

त्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मामांचं सांगलवाडीतलं घर पाण्याखाली. बिऱ्हाड घेऊन ते विश्रामबागेकडे आले, इथल्या एका शाळेत राहिले. तिथं जाऊन मी दोन-दोन हजारांच्या पाच नोटा त्यांच्या खिशात कोंबल्या होत्या. त्यांनी मागितल्या नव्हत्या. "असू द्या," म्हणालो होतो. आणि रात्री दिवसाचा हिशेब लिहिताना हात सवयीनं या वहीकडे गेला असणार.

"ही उचल होती होय?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते.

मी पेन घेऊन ती ओळ खोडली. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, मागच्या पानावर उरलेले २८ हजार मांडले, महिन्याला दोन हजार असं चौदा वेळा एकाखाली एक लिहिलं, आणि खाली सही केली.