प्रेमाला जागा लागते

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) लोक वाचतात ती डार्सी आणि एलिझाबेथसाठी. मला मात्र त्यातली शार्लट लुकस विसरता येत नाही. वय सत्तावीस, रूप बेताचं, हाताशी पैसा नाही. कॉलिन्ससारख्या बडबड्या, पोकळ माणसाशी ती पुरत्या विचारानं लग्न करते. पुढे एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते, तेव्हा तिला एका गोष्टीचं नवल वाटतं. घरात चांगली, ऐसपैस खोली असताना शार्लट मागच्या बाजूच्या खोलीत का बसते? मग कारण ध्यानात येतं. बायकांची बैठक चांगल्या खोलीत असती, तर नवराही सारखा तिथेच येऊन बसला असता. ऑस्टिन हे दोन-चार ओळींत सांगते आणि पुढे जाते.

१८०२ साली खुद्द ऑस्टिनला एका सुखवस्तू घरातल्या मुलानं मागणी घातली होती. तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. नकार देऊ शकलेल्या बाईनं होकार देणाऱ्या शार्लटला ती मागची खोली दिली. त्यात मला मोठी माया दिसते.

*

गोष्ट प्रेमाची असो की प्रेमभंगाची, मी काही प्रश्न आधी विचारतो. ही माणसं राहतात कुठे? खर्च कोण भागवतं? दार आतून लावून घ्यायची मुभा कुणाला आहे? याची उत्तरं मिळाली की निम्मी गोष्ट उलगडते.

*

‘पण लक्षात कोण घेतो’ हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून क्रमशः छापली. ‘करमणूक’ सुरू झालं १८९० साली. यमूचं वैधव्य आणि केशवपन सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याआधी मुंबईतला संसार आहे. सासरच्या भरल्या घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी मोकळेपणानं बोलायची सोय नाही. मुंबईत बिऱ्हाड होतं आणि यमू न् रघुनाथराव एकमेकांशी बोलू लागतात, वाचतात, स्नेह्यांमध्ये मिसळतात. दोघांची खरी ओळख तिथे होते. हरिभाऊ हा भाग सावकाश, जीव लावून लिहितात. रघुनाथराव जातात, यमू सासरी परतते, आणि मग जे घडतं ते वाचवत नाही, कारण काय हिरावलं गेलं हे आपण पाहिलेलं असतं.

*

‘कुंकू’ (१९३७) पुन्हा पाहिला. प्रभातचा, शांतारामबापूंचा. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, ‘न पटणारी गोष्ट’. आईबाप नसलेल्या नीराला नातलग पैशांसाठी म्हाताऱ्या, बिजवर वकिलाच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधतात. इथपर्यंत गोष्ट देवलांच्या ‘शारदे’ची (१८९९) वाटते. पण शारदेचं लग्न मोडतं. नीराचं लागलेलं आहे, आणि तिचा लढा त्यानंतर सुरू होतो. घर त्याचं, नोकर त्याचे, पैसा त्याचा. पण मी तुमची बायको नाही, हे ती रोज, त्याच घरात राहून सांगते. शांता आपट्यांची मान कधी खाली जात नाही.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले आवाज, आणि त्यात भिंतीवरचं जुनं घड्याळ. काकासाहेबांचं वय आणि त्यांची घुसमट त्या टोल्यांतून कळते. केशवराव दात्यांनी हा माणूस खलनायक म्हणून रंगवलेला नाही. आपण काय करून बसलो हे त्यांना हळूहळू उमगतं, आणि ते उमगणं चेहऱ्यावर दिसतं.

काकासाहेबांची विधवा, समाजसेविका मुलगी शकुंतला परांजप्यांनी केली आहे. कुटुंबनियोजनाचं काम त्या प्रत्यक्ष आयुष्यातही करत होत्या. नीराला त्या घरात पहिला खरा आधार मिळतो तो या सावत्र मुलीचा. वयानं मोठी मुलगी आणि लहान आई एकमेकींशी बोलतात, त्या प्रसंगातला जिव्हाळा मला पुष्कळ प्रेमकथांहून खरा वाटतो.

*

शरदबाबूंच्या ‘देवदास’मध्ये (१९१७) पारो मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत येते. गावात कुणी पाहिलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय ती तिथे आणून ठेवते, आणि त्याला तो उचलवत नाही. पुढचं सगळं, दारू, चंद्रमुखी, भटकणं, या एका रात्रीचं व्याज आहे. शेवटी तो मरतो तिच्या सासरच्या दाराबाहेर.

बरुआंच्या ‘देवदास’ चित्रपटानं १९३५ साली देशभर चटका लावला. चार वर्षांनी शांतारामबापूंनी ‘माणूस’ काढला. पोलिसातला गणपत आणि कोठीवरची मैना. या दोघांचंही जमत नाही. मैनेला घर हवं असतं, पण भूतकाळ तिला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. तरीही गणपत उद्ध्वस्त होत नाही. तो आपल्या कामावर परततो. प्रेमभंग झालेल्या माणसानं जगावं, असं ठणकावून सांगणारा चित्रपट त्या काळात काढणं हे धाडस होतं. माझा कौल आजही ‘माणूस’ला.

*

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या छळातून सुटलेले ज्यू, त्यांतली हॅर्टा, आणि मुंबईला उतरणारा चक्रधर. प्रवासाचे मोजके दिवस. मराठीत इतकं तीव्र प्रेम क्वचितच लिहिलं गेलं आहे. चक्रधर आधीच्या प्रेमात पोळलेला, कशावर विश्वास न उरलेला. हॅर्टाला मागे देश नाही, पुढे कुणी घ्यायला तयार नाही. मुंबईच्या धक्क्यावर तो उतरतो. तिला उतरायची परवानगी नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे निघते.

प्रेम उतू जात असताना या दोघांना पाय टेकायला जमीन नाही. त्यांच्या आड ना आईबाप येतात, ना जात; येतो तो कागदावरचा शिक्का. महायुद्ध पेटत होतं त्याच वर्षी एका मराठी लेखकाला हे दिसलं, याचा मला अभिमान वाटतो.

आणि बेडेकरांच्याच घरात ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर होत्या, म्हणजे मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींची कोंडी त्यांनी मांडली आणि गदारोळ उठला. एकाच छपराखालच्या दोघांनी प्रेमाच्या दोन निरनिराळ्या अडचणी लिहून ठेवल्या.

*

मुंबईच्या प्रेमकथेत खलनायक पुष्कळदा चौरस फुटात मोजावा लागतो. राजा ठाकुरांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) आणि त्यावरून बासू चॅटर्जींनी केलेला ‘पिया का घर’ (१९७२): चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत नाही, एवढीच गोष्ट. हसता हसता आत कालवाकालव होते. ‘घरोंदा’ (१९७७) मात्र हसू देत नाही. सुदीप आणि छाया फ्लॅटसाठी पै-पै साठवतात, बिल्डर पैसे घेऊन पळतो, आणि छाया आपल्या वयस्क साहेबांशी लग्न करते. तिचं प्रेम आटलेलं नव्हतं. त्या प्रेमाला राहायला जागा मिळाली नाही.

*

‘अ‍ॅना कारेनिना’तला एक प्रसंग. घर सोडून गेलेली अ‍ॅना मुलाच्या वाढदिवसाला सकाळी लवकर चोरून त्या घरात शिरते. जुने नोकर तिला आत घेतात. मुलगा झोपेतून उठून तिला बिलगतो. थोड्याच वेळात नवऱ्याची चाहूल लागते आणि ती पळत बाहेर पडते. आदल्या दिवशी इतक्या मायेनं निवडून आणलेल्या खेळण्यांचं पुडकं सोडायचं राहूनच गेलेलं असतं. ते तसंच तिच्याबरोबर परत जातं. शेवटची आगगाडी सगळ्यांना आठवते. मला वाटतं, अ‍ॅनाचा शेवट त्या न सोडलेल्या पुडक्यापाशी सुरू झाला.

*

स्मिता पाटीलच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या ‘भूमिका’त (१९७७) उषा एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जात राहते. वाड्यात राहणाऱ्या काळे नावाच्या पुरुषाकडे मान मिळतो, पण फाटकाबाहेर पडायची बंदी. शेवटी मुलगी आपल्याकडे चल म्हणते, तर उषा नाही म्हणते. हॉटेलातल्या खोलीत एकटी राहते.

‘उंबरठा’त (१९८२, शांता निसळांची कादंबरी ‘बेघर’) सुलभा महाजनचं घर सुखवस्तू आहे, नवरा सुशिक्षित वकील. तिला काम हवं असतं. ती महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. त्यानं तिला हाकललेलं नाही. घर आहेच की, राहा, असा त्याचा समंजस सूर असतो. तो समंजसपणाच असह्य आहे. कुणी वाईट नसतानाही लग्न मोडतं, हे जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांनी आरडाओरडा न करता दाखवलं.

*

‘सैराट’ (२०१६) म्हटलं की लोकांना विहीर, बुलेट, गाणी आठवतात. माझ्या लेखी त्याचा प्राण उत्तरार्धात आहे. हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, परकी भाषा. पाटलाच्या घरात वाढलेली आर्ची त्या घाणीनं रडते, घरच्या आठवणीनं रडते. परशा डोशाच्या गाडीवर राबतो, ती कारखान्यात जाते. भांडणं होतात, संशय येतो, ती निघून जाते आणि परत येते. नागराज मंजुळ्यांनी इथे संगीत आवरून धरलं आहे. प्रेमाचा संसार कसा होतो हे मराठी पडद्यावर इतक्या धीरानं क्वचितच दाखवलं गेलं असेल. बऱ्या घरात बिऱ्हाड होतं, मूल होतं. आर्ची दारात रांगोळी काढत असताना माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. ती त्यांना आत घेते, चहा ठेवते. मारेकरी पाहुणे म्हणून आत आले.

*

घर सोडून आलेल्या जोडप्याला १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं असेल, तर दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लागते, त्यावर दोघांचे पत्ते असतात. ज्यांना लपून राहायचं आहे त्यांचे पत्ते तीस दिवस फळ्यावर. ही तरतूद बदलायला हवी.

२०१८ साली शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा जोडप्यांसाठी राज्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षागृह उभारण्याचा विचार करावा. शार्लटपासून आर्चीपर्यंत सगळ्या गोष्टी वाचून-पाहून माझं मत याच मागणीपाशी येतं. पडद्यावरच्या आर्चीसाठी आपण रडलो, ते मनापासूनच होतं. आता आपल्या जिल्ह्यात असं घर आहे का, त्याचं दार रात्री-अपरात्री उघडतं का, हे विचारायला जाणं आपलं काम आहे.