मारिकाना आणि मावळ

१६ ऑगस्ट. चाकणच्या लाइनवर आम्ही गाडीखाली जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतो, त्यातल्या जाळीला प्लॅटिनमच्या गटातल्या धातूंचा पातळ थर असतो. जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे मारिकानाला २०१२ साली आजच्याच तारखेला पोलिसांनी संपावरचे ३४ खाणकामगार गोळ्या घालून मारले. मागणी काय, तर महिना १२,५०० रँड पगार!

आदल्याच वर्षी, ९ ऑगस्टला, आपल्या मावळात बऊरजवळ गोळीबार झाला. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध उतरलेले तिघे शेतकरी गेले, त्यात एक बाई. ते पाणी पिंपरी-चिंचवडला, आमच्याच नळाला येणार होतं. मारिकानाच्या विधवांना न्याय मिळावा, हे आपल्या युनियनने गेटसभेत बोललंच पाहिजे. उद्या पहिल्या शिफ्टला मी विषय काढणार आहे, मावळासकट.